दाढेतील चांदी आणि मेंदूची चिंता

“डॉक्टर, दाढेत भरलेल्या चांदीत पारा असतो म्हणे. तो हळूहळू मेंदूत उतरतो आणि पुढे कंपवात किंवा स्मृतिभ्रंश होतो, हे खरे का?” गेल्या काही वर्षांत हा प्रश्न दवाखान्यात वारंवार ऐकू येतो. विचारणारे बहुधा पन्नाशीच्या आसपासचे असतात. त्यांच्या दाढा शाळा-महाविद्यालयाच्या वयात भरलेल्या असतात आणि त्यांविषयी त्यांची कधी काही तक्रार नसते. मग एखाद्या दिवशी भ्रमणध्वनीवर कोणीतरी एक चित्रफीत पाठवते आणि आरशासमोर तोंड उघडून काळपट दाढा मोजण्याचा उद्योग सुरू होतो.

प्रश्न रास्त आहे आणि त्याला हसण्यावारी नेणे योग्य नाही. त्याचा पूर्वार्ध पूर्णपणे खरा आहे. दाढेतील चांदीत पारा असतो आणि त्याची अत्यल्प वाफ आयुष्यभर बाहेर पडत राहते. उत्तरार्धाला मात्र आजवरच्या संशोधनातून पुरेसा आधार मिळालेला नाही. या दोन विधानांमधील अंतर नीट समजून घेतले, तर अनावश्यक भीती टळेल आणि जेथे खरोखर सावध राहायला हवे तेथे आपण सावधही राहू.

चांदी म्हणजे नेमके काय?

ज्याला आपण ‘चांदी भरणे’ म्हणतो, त्या मिश्रणाचे शास्त्रीय नाव अमाल्गम. त्याच्या वजनाचा सुमारे अर्धा भाग पारा असतो. उरलेल्या अर्ध्यात चांदी, कथील, तांबे आणि क्वचित जस्त असते. धातूंची बारीक पूड द्रवरूप पाऱ्यात मिसळली की लोण्यासारखा मऊ गोळा तयार होतो. तो दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवला की थोड्याच वेळात घट्ट होतो. हा पदार्थ स्वस्त आहे, टिकाऊ आहे आणि लाळेने ओल्या झालेल्या दाढेतही तो बसवता येतो. याच गुणांमुळे दीडशेहून अधिक वर्षे दंतवैद्यांचा त्याच्यावर भरवसा राहिला.

घट्ट झाल्यावर यातील बहुतेक पारा इतर धातूंशी बांधला जातो. तरीही चावताना, गरम चहा पिताना, झोपेत दात खाताना पृष्ठभागावरून किंचित वाफ सुटतेच. ती किती असते आणि तिचे शरीरात काय होते, यावर सारा वाद आहे.

पाऱ्याची तीन रूपे

पाऱ्याविषयी बोलताना सर्वाधिक गोंधळ होतो तो त्याच्या रूपांबाबत. पहिले रूप तापमापीत दिसणाऱ्या धातुरूप पाऱ्याचे. तो गिळला गेला तर आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, मलावाटे निघून जातो. मात्र त्याचीच वाफ श्वासावाटे आत गेली, तर सुमारे ८० टक्के रक्तात उतरते. ही वाफ मेदात विरघळणारी असल्याने मेंदूभोवतीचा संरक्षक अडसरही ओलांडू शकते. अमाल्गममधून सुटते ती हीच वाफ.

दुसरे रूप पाऱ्याच्या क्षारांचे. त्यांचा मुख्य मारा मूत्रपिंडांवर होतो. गोरेपणाच्या काही बेकायदा क्रीममध्ये हे क्षार सापडतात, आणि अशी क्रीम वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडांना झालेली इजा केरळमधील डॉक्टरांनी अलीकडेच वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली आहे.

तिसरे आणि सर्वांत घातक रूप म्हणजे मिथिल पारा. जपानमधील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे समुद्रात सोडले जात होते. त्यातील मिथिल पारा माशांत साठला आणि ते मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांना हातपाय बधिर होणे, तोल जाणे, दृष्टी आकुंचित होणे, झटके येणे अशा भयंकर व्याधींनी ग्रासले. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्यातील ते सांडपाणी थांबायला १९६८ उजाडले. आईच्या पोटात असतानाच बाधा झालेली बालके जन्मभर अपंग राहिली. इराकमध्ये १९७१-७२ साली बुरशीनाशक लावलेले बियाण्याचे धान्य दळून भाकरी केल्या गेल्या. त्यात सहा हजारांहून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि चारशेहून अधिक दगावले.

चित्रफितींत दाखवली जाणारी दृश्ये पुष्कळदा मिनामाताची असतात. ती खरी आहेत, परंतु तो पारा वेगळ्या रूपाचा होता आणि त्याची मात्राही कितीतरी पटींनी मोठी होती.

मात्रेचा हिशेब

सात ते दहा दाढा चांदीने भरलेल्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात त्यांतून दिवसाला साधारण १ ते ५ मायक्रोग्रॅम पारा जातो, असा अमेरिकी शासकीय संस्थांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये मांडलेल्या अंदाजाची वरची मर्यादा याहून बरीच अधिक होती. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. शरीरात गेलेला हा पारा कायमचा साचून राहत नाही. त्यातील निम्मा साधारण दोन महिन्यांत मुख्यतः लघवीवाटे आणि मलावाटे बाहेर पडतो. मेंदूत पोहोचलेला अंश मात्र अधिक रेंगाळतो.

पाऱ्याच्या वाफेत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कामगारांचा अभ्यास फार जुना आहे. हातांचा कंप, चिडचिड, लाजाळूपणा, निद्रानाश आणि हिरड्या सुजणे ही त्यांची लक्षणे वैद्यकाला पूर्वीपासून परिचित आहेत. युरोप-अमेरिकेतील टोप्या बनवणारे कारागीर याच विषाचे बळी होते. अशी ठळक लक्षणे लघवीत लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक पारा असणाऱ्यांत आढळत. सूक्ष्म परिणाम त्याहून कमी पातळीवरही नोंदले गेले आहेत. दाढांत चांदी असलेल्या सामान्य माणसाच्या लघवीत हे प्रमाण बहुधा पाचच्याही खाली असते. धोक्याची पातळी आणि आपली पातळी यांतील हे अंतर ध्यानात ठेवावे.

वाद जुनाच आहे

अमाल्गमविषयीची शंका आजची नाही. १८४० च्या दशकात अमेरिकेतील दंतवैद्यांच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची प्रतिज्ञा घेतली होती. त्या भांडणात ती संघटनाच १८५६ मध्ये मोडली. पुढे १९२६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड श्टॉक यांनी पाऱ्याच्या वाफेच्या दुष्परिणामांविषयी लेख लिहून पुन्हा खळबळ उडवली. डोकेदुखी आणि विस्मरण यांनी ते स्वतः जेरीस आले होते. त्यांना झालेली बाधा प्रयोगशाळेतील पाऱ्याची होती. तरी दाढेतील वाफेकडे लक्ष वेधल्याबद्दल विज्ञान त्यांचे ऋणी आहे.

डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेतील एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमाने हा विषय घरोघरी नेला. चांदी काढताच मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात तत्काळ आराम पडल्याच्या कहाण्या त्यातून पसरल्या. येथे वाचकांनी थोडा विचार करावा. जुनी चांदी यंत्राने कोरून काढताना वाफ अधिक सुटते, म्हणजे त्यानंतर काही दिवस शरीरातील पारा वाढतो. मग त्याच दिवशी आराम पडला, तर तो पारा कमी झाल्यामुळे कसा असेल? मल्टिपल स्क्लेरोसिस हा मुळातच चढउतारांचा आजार आहे. उपचारांविनाही त्यात काही काळ आराम पडतो. या विचाराचे मोठे प्रचारक, कोलोरॅडोतील दंतवैद्य हॅल हगिन्स, यांचा परवाना १९९६ मध्ये रद्द करण्यात आला.

संशोधन काय सांगते?

कहाण्यांपेक्षा काटेकोर चाचण्यांना अधिक वजन असते. अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील चाचणीत ५३४ मुले होती आणि त्यांचा पाच वर्षे पाठपुरावा झाला; पोर्तुगालमधील लिस्बन येथील चाचणीत ५०७ मुले होती आणि पाठपुरावा सात वर्षांचा होता. कोणाच्या दाढेत चांदी भरायची आणि कोणाच्या दाढेत पांढरे कंपोझिट, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवण्यात आले. बुद्ध्यंक, स्मरणशक्ती, एकाग्रता, हातांचे कौशल्य, मज्जातंतूंची संदेशवहनाची गती हे सारे वेळोवेळी मोजले गेले. चांदीच्या गटातील मुलांच्या लघवीत पारा किंचित अधिक होता; न्यू इंग्लंडमध्ये पाच वर्षांनी ही सरासरी प्रति ग्रॅम क्रिएटिनिन ०.९ विरुद्ध ०.६ मायक्रोग्रॅम अशी होती. मात्र मेंदू आणि मज्जासंस्थेच्या कार्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. लिस्बनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली: पाच वर्षांनंतर कंपोझिटच्या गटातील मुलांना पुन्हा दाढा भरून घेण्याची गरज सुमारे ५० टक्क्यांनी जास्त पडली.

प्रौढांविषयी अशा चाचण्या नाहीत. तेथे निरीक्षणांवर आधारलेले अभ्यास आहेत. न्यूझीलंडच्या संरक्षण दलांतील सुमारे २० हजार व्यक्तींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मल्टिपल स्क्लेरोसिसशी असलेला संबंध निश्चितपणे सिद्ध झाला नाही. अल्झायमरने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूतील पारा आणि त्यांच्या दाढांतील चांदी यांचे प्रमाण अमेरिकी संशोधकांनी ताडून पाहिले. त्यांतही आजाराशी नाते जुळले नाही. याउलट तैवानमधील विमा नोंदींच्या एका अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण चांदी भरलेल्यांत किंचित अधिक दिसले. परंतु धूम्रपान, शिक्षण, आर्थिक स्थिती अशा अनेक गोष्टी विमा नोंदींतून नीट कळत नाहीत. त्यामुळे इतक्या लहान फरकावरून कार्यकारणभाव ठरवता येत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे, तर चित्र शंभर टक्के स्वच्छ नाही. पोटातील गर्भावर अशा चाचण्या झालेल्या नाहीत. लिस्बनच्या माहितीच्या पुढील विश्लेषणात, विशिष्ट जनुकीय ठेवण असलेले काही मुलगे पाऱ्याला अधिक संवेदनशील असावेत, असा संकेतही मिळाला आहे. म्हणूनच ‘धोका सिद्ध नाही’ आणि ‘काळजी नको’ ही दोन वाक्ये सारख्याच अर्थाची मानता येत नाहीत.

मग देशोदेशी बंदी कशासाठी?

नॉर्वेने २००८ मध्ये आणि स्वीडनने २००९ मध्ये अमाल्गम जवळपास हद्दपार केले. युरोपीय संघाने जुलै २०१८ पासून १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी, आणि १ जानेवारी २०२५ पासून जवळजवळ सर्वांसाठी त्याचा वापर थांबवला. ‘धोका नसता तर बंदी का घातली असती?’ असे वाचक विचारतील.

याचे मुख्य उत्तर तोंडाबाहेर आहे. दंतवैद्याच्या खुर्चीशेजारच्या बेसिनमधून चांदीचे कण गटारात आणि तेथून नदी-समुद्रात जातात. दहनविधीत मृताच्या दाढांतील पारा वाफ होऊन हवेत मिसळतो. पाण्यात पोहोचलेल्या पाऱ्याचे सूक्ष्मजीव मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांवाटे आपल्या ताटात परत येतो. मिनामाताच्या नावाने १० ऑक्टोबर २०१३ रोजी जपानमध्येच स्वीकारला गेलेला आणि ऑगस्ट २०१७ पासून अमलात आलेला आंतरराष्ट्रीय करार हे चक्र तोडण्यासाठी आहे. भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. करारातील राष्ट्रांनी २०२२ मध्ये बाली येथे मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी अमाल्गम टाळण्याची तरतूद जोडली.

कोणी टाळावे?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये दिलेला सल्ला मला समतोल वाटतो. पुढील व्यक्तींनी शक्यतो नवी चांदी भरून घेऊ नये:

• गर्भवती, लवकरच गर्भधारणा होऊ इच्छिणाऱ्या आणि स्तनदा स्त्रिया
• लहान मुले, विशेषतः सहा वर्षांखालील
• कंपवात, अल्झायमर, मल्टिपल स्क्लेरोसिस असे मज्जासंस्थेचे आजार आधीच असलेले रुग्ण
• मूत्रपिंडांचे कार्य मंदावलेले रुग्ण
• पारा किंवा अमाल्गममधील इतर धातूंची ॲलर्जी असलेल्या व्यक्ती

यांच्यासाठी कंपोझिट किंवा ग्लास आयनोमर हे पर्याय आहेत. त्याच सल्ल्यात दुसरे वाक्यही तितक्याच स्पष्टपणे होते: सुस्थितीत असलेली जुनी चांदी, वैद्यकीय गरज नसेल तर, काढू नये.

जुनी चांदी काढावी का?

शाबूत चांदी कोरताना भोवतालचा निरोगी दातही थोडा झिजतो. खड्डा मोठा होतो. कधी नस उघडी पडून रूट कॅनाल आणि मग कॅप असा प्रवास सुरू होतो. त्यात पाऱ्याची मात्रा तात्पुरती वाढते ती वेगळीच. गर्भारपणात तर असे काम मुळीच करवून घेऊ नये.

चांदी निखळली, तिला तडा गेला, खाली कीड पुन्हा लागली किंवा तिला लागून असलेल्या गालाच्या अस्तरावर पांढरे चट्टे उठले, तर ती बदलणे योग्य आहे. अशा वेळी दंतवैद्यांना विनासंकोच विचारावे: दातावर रबर डॅम लावणार का? पाण्याचा भरपूर फवारा आणि जोरदार सक्शन वापरणार का? चांदी भुगा न करता मोठ्या तुकड्यांत काढणार का? जागरूक दंतवैद्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

‘शरीरातील पारा उपसून काढतो’ म्हणून दिल्या जाणाऱ्या सलाइनपासून मात्र दूर राहावे. धातू बांधून बाहेर काढणारी औषधे खऱ्या विषबाधेत प्राण वाचवतात. कारणाविना दिली तर शरीरातील कॅल्शियमसारखी आवश्यक द्रव्ये घटवतात. २००५ मध्ये अमेरिकेत स्वमग्नतेवरील उपाय म्हणून असे औषध दिलेला पाच वर्षांचा मुलगा दगावला. औषध देऊन लगेच लघवी तपासायची आणि ‘पाहा, किती पारा निघाला’ असे सांगायचे, ही पद्धतही अशास्त्रीय आहे. त्या औषधाने कोणाच्याही लघवीतील धातू वाढतातच.

लक्षणांचे खरे कारण शोधा

माझ्या मते या भीतीचा सर्वांत मोठा तोटा वेगळाच आहे: खऱ्या आजाराचे निदान लांबते.

एक निवृत्त शिक्षिका थरथरणारे हात घेऊन आल्या होत्या. चालणे मंदावले होते, चेहऱ्यावरचे भाव ओसरले होते. “डॉक्टर, सहा दाढांत चांदी आहे. सगळी काढूनच टाकते. दाताच्या डॉक्टरांकडची वेळही घेतली आहे,” त्या म्हणाल्या. “जरूर विचार करू, बाई. पण आधी घरातल्या सगळ्या गोळ्या मला आणून दाखवा,” असे मी सांगितले. पिशवीत आम्लपित्तावरची एक कॅप्सूल निघाली. कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर त्या ती वर्षभर रोज घेत होत्या. तीत लेव्होसल्पिराइड हे औषध होते, आणि ते दीर्घकाळ घेतल्यास कंपवातासारखी लक्षणे निर्माण होतात. ते बंद केल्यावर काही महिन्यांत हात स्थिरावले. दाढा जशा होत्या तशाच आहेत.

चक्कर येण्यावरची सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही औषधेही असाच परिणाम करू शकतात. हातापायांना मुंग्या येत असतील, तर आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मधुमेह यांचा आधी विचार करावा. बारीक कंप आणि धडधड थायरॉइडच्या अतिकार्यामुळे होते. विसरभोळेपणामागे झोपेचा अभाव, नैराश्य किंवा थायरॉइडची मंदता असू शकते. ही सारी कारणे साध्या तपासण्यांनी कळतात आणि बहुतेक उपचारांनी सुधारतात.

विश्रांतीच्या वेळी एकाच हाताला कंप, अक्षर बारीक होणे, वास न येणे, चालताना एक हात न हलणे, एका डोळ्याची दृष्टी अचानक अंधुक होणे, घरचा रस्ता चुकणे अशी लक्षणे असतील, तर विनाविलंब मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. अचानक तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घरातील पारा

दाढेतल्या पाऱ्याइतकेच लक्ष घरातील इतर पाऱ्याकडे द्यावे. तापमापी फुटली, तर मुलांना खोलीबाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करावा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्याने पारा अधिक पसरतो. हातांतील सोन्याच्या बांगड्या-अंगठ्या आधी उतरवाव्यात, कारण पारा सोन्याला चिकटतो. थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत.

घटकांची नोंद नसलेली गोरेपणाची क्रीम वापरू नये. पारदयुक्त रसौषधे कोणाच्याही सांगण्यावरून घेऊ नयेत. गर्भवती स्त्रियांनी मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत; तारली, मांदेली, बांगडा हे लहान मासे पोषक आहेत आणि त्यांत पारा कमी असतो.

आणि मुळात दाढ भरण्याची वेळच येऊ नये, हे सर्वांत उत्तम. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे, दोन जेवणांच्या मध्ये चिकट गोड पदार्थ न खाणे, मिश्री सोडणे आणि वर्षातून एकदा दात तपासून घेणे, एवढ्याने घरातील पुढच्या पिढीच्या दाढा कोऱ्या राहू शकतात. ज्यांच्या दाढांत चांदी आहेच, त्यांनी ती शाबूत असेपर्यंत निश्चिंत मनाने जेवावे. आणि हात थरथरला, मुंग्या आल्या, विसर पडू लागला, तर आरशातल्या दाढा मोजण्याआधी आपल्या डॉक्टरांची भेट घ्यावी.